आप्पांना पंचमीच्या गोष्टीत मरायचं नव्हतं

खोडदच्या जालिंदरआप्पांना साठी उलटल्यावर लेखक व्हायची हुक्की आली. खतांचं दुकान मुलाच्या हवाली केलं आणि नागपंचमीची कहाणी गावच्या शाळेतल्या पोरांसाठी चित्रांच्या पुस्तकात बसवायला घेतली. चित्रं टेंपोवर नावं रंगवणाऱ्या रामनाथची. शेतकऱ्याचं तोंड मात्र आप्पांनी हट्टानं स्वतःचं काढून घेतलं, पिळदार मिशीसकट.

बाळाबाईंनी देवापुढची वात सारखी केली, मग नवऱ्याची कच्ची पानं चाळली आणि नाक मुरडलं.

कहाणी कुणाला ठाऊक नाही? शेतकऱ्याच्या नांगराखाली नागिणीची पिल्लं मरतात. नागीण चिडून घरदार डसते, मग सासरी असलेल्या लेकीला डसायला निघते. लेक तिथं पाटावर नाग काढून दूध-लाह्या वाहत असते. नागीण निवते, अमृत देते, अन् लेक माहेरी धावत येऊन मेलेल्यांना उठवते.

आप्पांच्या पुस्तकात नांगर वारुळाला वळसा घालून गेला होता. पिल्लं जिवंत, शेतकरी जिवंत, शेवटी सगळे बसून पुरणाची दिंडं खात होते.

"अहो, लेक कुठं गेली?"

"कुणी मेलंच न्हाई, मग ती येऊन करील काय? पोरं घाबरत्यात मरणाला."

"पोरं न्हाई, तुमी घाबरता. तोंड तुमचं हाये ना त्यात!"

"उद्या पोरं बोट दाखवतील, आप्पा मेले म्हणून. शुभ दिसतं का ते?"

"शेतकऱ्याची बायको म्हणून मी बी मरतेच की त्या गोष्टीत दरसाल. कवा कुरकुरले? तुमच्या बापानं रानोमाळ मेंढरं वळली, तुमाला एक गोष्ट वळेना!"

टोमणा वरवरचा, बाळाबाईंचा राग मात्र खरा होता. लेकीवाचून मेलेलं घर उठत नाही, हे त्यांनी पोटच्या मंदाला पाळण्यापासून सांगितलं होतं. आता शाळेतल्या पोरींच्या हाती लेक नसलेली कहाणी पडणार, ती एका मिशीपायी!

पंचमीला मंदा छोट्या राजनंदिनीला घेऊन माहेरी आली. ती न्हाणीत पाय धूत होती तोवर आप्पांनी नातीला पुस्तक वाचून दाखवलं.

"संपली गोष्ट?" नातीनं विचारलं. "मग आई कवा येती?"

"कुठली आई?"

"सगळ्यांना उठवती ती! आजीच्या गोष्टीत असती." पोर हिरमुसली. मग म्हणाली, "आजोबा, तुमी मरा ना. मग आई येईल."

आप्पांनी बायकोकडं पाहिलं. लाह्या निवडता निवडता बाळाबाई म्हणाल्या, "मरा की. बघताय काय?"

आप्पा घोंगडीवर आडवे झाले.

"एक डोळा उघडा हाये," बाळाबाईंनी बजावलं. "मेलेल्यानं चोरून बघू नये."

मंदा आत आली. नातीनं तिच्या हाती तांब्या कोंबला. "आई, शिंपड!"

पाणी पडलं तसे आप्पा उठून बसले, अन् लेकीचा ओला हात काही केल्या सोडीनात.

दसऱ्याला पुस्तक छापून आलं. नागीण डसली होती, घरदार मेलं होतं, लेक धावत आली होती. शेतकऱ्याची मिशी तेवढी गायब होती, तोंडही कुणा परक्याचंच. शेजारी मरून पडलेली बायको मात्र हुबेहूब बाळाबाई.

ते पान त्यांनी आळीभर दाखवलं. "ही मी. अन् हा कोण पावणा माझ्याशेजारी मेलाय, ते आमच्या लेखकरावांना विचारा."