चुनखडीच्या माथ्यावरचं वळण

भुताखेतांच्या गोष्टी मी शेकोटीपाशी ऐकल्या आणि राखेतच सोडून उठलो. मी बी.एस्सी. आहे, जिऑलॉजी घेऊन – आमच्या आंधळगावच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. फुशारकी म्हणा हवं तर... पण मी सहजी फसणाऱ्यातला नाही.

१९७८चा हिवाळा. तुमसरच्या उत्तरेला चुनखडीच्या टेकड्यांची मोजणी चालली होती. माझी नोकरी टेम्पररी. या कामावर साहेबांचा शेरा चांगला पडला तर पक्की, नाही तर परत घरच्या शेतावर, धानाच्या बांधीत. हाताशी इंग्रजांच्या वेळचा, कापडावर चिकटवलेला नकाशा. त्यात एका सपाट माथ्यावरची पायवाट मध्येच धनुष्यासारखी वाकलेली. प्रत्यक्षातही तशीच. तिथं ना खड्डा, ना झाड, ना देवाचा दगड. मग वळण कशासाठी?

आम्हाला मात्र तिथून सरळ रेघ हवी होती, नमुन्याचे खड्डे खणायला. लाल-पांढऱ्या काठ्या मीच लावल्या. पहिल्या काठीमागून एक डोळा मिटून पाहिलं – बाकीच्या सगळ्या तिच्याआड. साखळी धरणारे झिबलभाऊ दुसऱ्या टोकाला गेले आणि तिथून हसायलाच लागले.

“बाबू, कालेजात सरळ रेघ शिकवत नाही का गा?”

मी तिकडे जाऊन मागे पाहिलं. काठ्या त्या वाटेसारख्याच वाकड्या उभ्या होत्या.

उपटून पुन्हा लावल्या. तेच. होकायंत्र वापरलंच नव्हतं, म्हणजे दगडातल्या लोखंडालाही दोष देता येईना. दोरी ताणली – या टोकाहून सरळ, त्या टोकाहून वाकडी. आता झिबलभाऊंचं हसू गेलं.

“साहेबाले काय सांगशीन आता?”

साहेब दुपारी आले. पुण्याकडचे, कडक. मी आहे ते सांगून टाकलं आणि नोकरी गेली असं समजलो. त्यांनी या टोकाहून पाहिलं, मान डोलावली. त्या टोकाला गेले. मागे वळून बराच वेळ पाहत राहिले. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. परत आल्यावर जुना नकाशा उलगडून त्या वळणावर बोट ठेवलं.

“आधीच्यानं काढलंय ना? तुम्हीही वळणासकटच काढा.”

एवढंच. पुढे कधी विषय नाही.

नोकरी पक्की झाली. शेऱ्यात साहेबांनी लिहिलं – काम अचूक. ते होतंच... पण कोणत्या टोकाहून, हे मला आजही सांगता येत नाही.