सुशीलच्या लग्नानं खाल्लेली जागा

रायपूर राजधानी झालं तसे गल्लोगल्ली नेते उगवले, आणि त्यांना दाखवायला केबलवरची चॅनलं. ब्राह्मणपाऱ्यातल्या असल्याच एका चॅनलमध्ये सुशील ढोबळे कॉम्प्युटरचा सर्वेसर्वा होता. सर्व्हरच्या खोलीची किल्ली तो कमरेच्या करगोट्याला बांधायचा, त्यामुळे ती मागायची कोणाची हिंमत होत नसे.

राज्याच्या वाढदिवशी, राज्योत्सवाच्या दुपारी मैदानावरून भाषणांचं चित्रण येत असतानाच सर्व्हरनं मान टाकली. जागा संपली. सुशीलनं सगळ्या ऑफिसला झापलं.

"क्रिकेट, पिक्चर, भजनं! कचरा भरून राहिले तुम्ही लोक! आज एकेकाची पोल खोलतो."

त्यानं खोली उघडली, सगळ्यांना आत बोलावलं आणि डिस्क तपासणारा आपला लाडका प्रोग्राम चालवला. काळा पडदा, पांढरी अक्षरं. हा प्रोग्राम प्रत्येक फोल्डर चाचपून कोणी किती जागा खाल्ली ते सांगे. सगळ्यात जाडा सगळ्यात वर.

सगळ्यात वर आलं, 'सिस्टम जरूरी, हाथ मत लगाना'. बातम्या त्याच्या कितीतरी खाली, मरतुकड्या.

"हे काय आहे?" संपादक सरिता दीदींनी विचारलं.

"सिस्टमचं असते, दीदी. राहू द्या." सुशीलनं पडदा बंद करायला हात पुढे केला.

दीदींनी एंटर दाबला. आत 'सुशील लगन', त्याच्याखाली 'सुशील लगन कॉपी', मग कॉपीची कॉपी. दर रविवारी आपोआप नक्कल व्हावी अशी सोय सुशीलनंच केली होती. नक्कल जुन्या नकलांनाही सोबत घेऊन जाते, हे मात्र पठ्ठ्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"काहून रे," दीदी म्हणाल्या, "पूर्ण छत्तीसगडच्या बातम्या एवढ्याशा, अन तुझं लगन एवढं मोठं?"

खरी भानगड अशी, की मंडपाच्या दारात फटाके फुटले, घोडी उधळली आणि नवरदेव मठ्ठ्याच्या टोपात जाऊन बसला. ते कॅमेऱ्यात आलं. बायकोला, विनोदिनीला, त्यानं सांगितलं की कॅसेट खराब निघाली. पुसून टाकायलाही जीव होईना. शेवटी लग्न त्याचंच होतं. म्हणून इथं लपवलं.

ऑफिसनं आधी ते बघितलं, मगच नकला पुसायला घेतल्या. प्रोग्राम दरवेळी विचारी, पुसू का? अख्खी खोली ओरडे, "हव!"

भाषणं वेळेवर लागली. आणि दीदींनी एक प्रत पेन ड्राइव्हवर घालून परस्पर विनोदिनीला दिली.

संध्याकाळी विनोदिनी टीव्हीसमोर बसली. सुशील स्वयंपाकघरात कोणी न मागितलेला चहा करत राहिला. टोप आदळल्याचा आवाज झाला. ती हसली नाही.

"हे लपवून राहिले होते?" ती म्हणाली. "मले काय दिसलं नव्हतं? मी बी मंडपातच होती ना!"

सुशील बाहेर आला. पडद्यावर तिचे वडील बाबाराव, फेटा सुटलेला, हातात चप्पल, घोडीवाल्याच्या मागे धावत होते, अशा शिव्या देत की चित्रण करणाराही हसून हलत होता. बाबाराव जाऊन दोन वर्षं झाली होती. विनोदिनी पदरानं डोळे पुसत खदखदून हसत होती.

"पुन्हा लावा," ती म्हणाली.

त्यानं लावलं. बाबारावांनी धावायला निघायचं तर सुशीलला आधी टोपात पडणं भाग होतं. जेवणाच्या वेळेपर्यंत तो पडतच राहिला.