भाऊकाकांचा कारखाना की शेटची नोकरी

ज्या घरात एखादी गोष्ट ठरत नसते, त्या घरात किस्से मात्र भराभर साठतात. आमच्याकडे तो उन्हाळा तसाच गेला. ऐंशी सालानंतरची गोष्ट. माझा थोरला अनंता मुंबईला औषधांच्या कंपनीत मॅनेजर होता. रजेवर घरी आला होता, आणि त्याच महिन्यात त्याला दोन निरोप आले. इथे रत्नागिरीत भाऊकाकांना आपला आंब्याचा रस डब्यात भरायचा छोटा कारखाना विकायचा होता. आणि मुंबईचे एक शेट त्याला नोकरीला बोलवत होते.

हे शेट बुडते कारखाने विकत घ्यायचे, आपला माणूस बसवून ताळ्यावर आणायचे आणि विकून मोकळे व्हायचे. भाकड म्हैस घेऊन, दुभती करून विकतात ना, तसंच. तो बसवायचा माणूस म्हणजे आमचा अनंता. कारखाना घ्यायचा तर आमची आंब्याच्या कलमांची बाग गहाण पडणार. शेटकडे जायचं तर सून शैला आणि मुलं इथे, आणि हा गावोगाव.

*

शेटचा साहेब मुद्दाम घरी आला. गाडी देऊ, फ्लॅट देऊ, कारखाना विकला की नफ्यात वाटा देऊ, सगळं सांगून झालं. मी कोकम सरबत पुढे केलं आणि विचारलं, "साहेब, कारखाना विकलात की माझ्या मुलाचं काय? तो कारखान्याबरोबर जातो की तुमच्याबरोबर परत येतो?"

साहेबानं पेला खाली ठेवला. "काकी, हे आम्ही अजून ठरवलेलं नाही."

*

मग अनंता भाऊकाकांकडे गेला. "काका, चांगला चाललेला कारखाना विकताय कशाला?"

"झोप लागत नाही रे."

"कशानं?"

"सीझनला बॉयलरच्या आवाजानं."

"आणि सीझन संपल्यावर?"

"आवाज नाही म्हणून."

*

शेवटी मीच म्हटलं, देवाला कौल लावू. देवरूखकडे आमचं मूळ गाव आहे, तिथे गेलो. गुरवानं देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या. उजवीकडची पडली तर कारखाना, डावीकडची पडली तर शेट. बराच वेळ झाला, एकही पडेना.

"देवालापण टाइम हवाय," अनंता पुटपुटला.

देवळात मुंबईकरांनी नवा पंखा बसवून दिला होता. घामानं भिजलेल्या अनंतानं सवयीनं बटण दाबलंन. सगळ्या पाकळ्या उडून थेट दारात.

गुरव शांतपणे म्हणाला, "देवानं दोन्ही दिलंन. आता तुमचं तुम्ही बघा."

"परत लावा की," अनंता म्हणाला.

"परत विचारलं तर चिडतो तो."

*

तेवढ्यात शेटनी घाटावरच्या एका बिस्किटांच्या कारखान्यावर त्याला कामाचा नमुना म्हणून पाठवलं. काम काय, तर जुनी माणसं कमी करायची. आठवड्यानं अनंता परत आला तो गुळाची ढेप घेऊन.

"हे काय रे?"

"आई, ज्यांना काढायला गेलो होतो त्यांनीच दिलंनी. घरी नेऊन जेवायलाही घातलंनी."

"मग? काढलंस?"

"शेटना फोन केला. म्हटलं, ह्यांच्याकडे जेवलोय मी. तर म्हणाले, जेवण झालं ना? मग आता कर सह्या."

काढायच्या कागदांवर सह्या त्यानं केल्या नव्हत्या. पण नाहीही म्हटलं नव्हतं. शैला तर त्या महिन्यात बोलायचीच बंद झाली होती.

*

शेवटी अनंतानं शेटची नोकरी धरली. "बाग गहाण टाकून मला झोप लागायची नाही," म्हणाला. संध्याकाळच्या मुंबईच्या एसटीचं रिझर्वेशन केलंन, इस्त्रीचा शर्ट घातलान. "भाऊकाकांना तोंडावर नाही म्हणून येतो. तुम्ही बॅग घेऊन स्टँडवर या."

आम्ही दोघी स्टँडवर उभ्या. गाडी लागली. माणसं चढली. अनंताचा पत्ता नाही. कंडक्टर दोनदा विचारून गेला, "काकी, तुमचे चिरंजीव येतायत ना?" मी म्हणत होते येतोय, येतोय. शैला रस्त्याकडे बघत होती. गाडी सुटली.

तसंच रिक्षानं कारखान्यावर गेलो. दारात आंब्याचा ट्रक उभा, बायकांची आंबे कापायची घाई चाललेली, डबे सील करणारा माणूस तापानं घरी पडलेला. मशीनवर अनंता. शर्ट खुंटीला, कोपरापर्यंत रस, एक डबा सरकवतोय, दुसरा ओढतोय.

शैला त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. "गाडी गेली," म्हणाली.

त्यानं मान वरसुद्धा केली नाही.

"कुठली?"