काळी एक की पांढरी एक

ध्वनिमुद्रित झालेल्या कुठल्याही शास्त्रीय गाण्याबद्दल आमच्या काकांना मत नाही, असं एकदाही घडलं नाही. हे काका नात्याने माझे कोणी नव्हेत. २००३ पासून तीन वर्षं मी अमेरिकेतल्या कॅरी गावात त्यांच्या शेजारी राहत होतो आणि रोज त्यांच्याच गाडीतून ऑफिसला जात होतो. गाडीत विलंबित ख्याल लागला की गाडीही विलंबित चालायची. मागचे हॉर्न देऊ लागले, की काका म्हणत, "यांना लय कळत नाही." समेआधी बोलायला बंदी होती. एकदा एक्झिट मागे पडल्याचं सांगायला मी सम येईपर्यंत थांबलो, तोवर आम्ही पुढच्या गावात पोचलो होतो. नावडत्या गाण्याला ते शिव्या देत नसत, फक्त 'गोड आहे' म्हणत. एका घरी श्रीखंडालाही त्यांनी त्याच सुरात 'गोड आहे' म्हटलं आणि यजमानीणबाईंची समजूत घालता घालता काकूंची पुरेवाट झाली.

रविवारी सकाळी दहाला ते अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, सनीव्हेलला राहणाऱ्या कॉलेजमित्राला फोन लावत. तिकडे तेव्हा सात वाजलेले असत. विषय एकच. विद्यार्थी असताना पुण्यातल्या एका घरगुती बैठकीत दोघांनी एका वृद्ध गायकांचा मारवा ऐकला होता आणि त्या बैठकीच्या मूळ टेपवरून आपापली कॅसेट करून घेतली होती. बुवांनी षड्ज कुठल्या पट्टीत लावला होता, यावर तीस वर्षं वाद चालू होता. काका स्पीकर लावत, त्यामुळे तो मलाही अंगणातून ऐकू येई.

"काळी एक. पेटी घेऊन बसलोय मी," काका म्हणत.

"पेटी माझ्याकडेही आहे, लेका. पांढरी एक."

"तुझी पेटी उतरली असेल."

"आणि तुझे कान चढले असतील."

काळी एक पांढरी एकपेक्षा अर्धाच सूर वर, पण काकांसाठी हा प्रश्न नुसत्या पट्टीचा नव्हता. सत्तरीतला माणूस एवढ्या चढ्या पट्टीत मारवा गातो, याचा त्यांना घरच्यासारखा अभिमान होता.

त्यांच्या कॅसेटची सीडी करून देण्याचं मी कबूल केलं. कॉम्प्युटरवर ऐकताना गाण्यामागची, बैठक टेप करतानाच उतरलेली विजेची घरघर माझ्या लक्षात आली. भारतातली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, म्हणून त्या घरघरीचा सूर ठरलेला असतो. काकांच्या कॅसेटवर तो त्रेपन्न भरला. म्हणजे नक्कल करतानाच वेग चुकला होता आणि सगळी बैठक अर्धा सूर चढली होती. मी वेग दुरुस्त केला आणि मोठी कामगिरी केल्याच्या थाटात काकांना बोलावून आणलं.

त्यांनी पूर्ण पाऊण तास ऐकलं. शेवटी म्हणाले, "पांढरी एकच आहे की." मग म्हणाले, "दमले होते रे बुवा."

रविवारी त्यांनी मित्राला सगळं सांगितलं. मित्राने विजयाचा आनंद काही दाखवला नाही.

"बरं," तो म्हणाला. "आणखी काय?"

"काही नाही. तुझं?"

"ठीक चाललंय."

चार मिनिटांत फोन संपला. पुढच्या रविवारी झालाच नाही. त्याच्या पुढच्याही नाही. गाडीत गाणं लागे, पण काका मत देईनासे झाले. काकूंनी मला एकदा विचारलं, "तुझ्या त्या मशीनने नक्की काय केलं रे?"

चौथ्या रविवारी काका सीडी घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

"तुझं ते मोजमाप. त्यात चूक असू शकते का?"

चूक नव्हती. मी तीनदा तपासून पाहिलं होतं.

"असू शकते, काका," मी म्हणालो. "त्या दिवशी पुण्यात वीजच कमीजास्त होत असेल, तर काहीच सांगता येत नाही."

"तेच म्हणतोय मी," काका म्हणाले आणि फोन करायला घरी गेले.