लावून पाहिलं, पूर्ण आहे

आमच्या डिकीच्या बाजारात खोटं बोलायची कुणाला लाज वाटत नाही. एप्रिल ते ऑक्टोबर, दर रविवारी सकाळी सहाला इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या एका कुरणात गाड्या रांगेने लागतात, डिक्या उघडून लोक घरातलं जुनंपानं विकायला मांडतात आणि थापांना ऊत येतो. "किटली चालते का हो?" विचारलं की "कालच चहा केला तिच्यात" असं उत्तर मिळतं. किटलीची वायर उंदरांनी केव्हाच खाल्लेली असते. मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. रोपं विकते, आणि कुठलंही रोप "बर्फातसुद्धा टिकतं" असं छातीठोकपणे सांगते.

या सगळ्या लबाडांत एका बाईच्या शब्दाला किंमत होती. बेरिल पिंचबेक, वय सत्त्याहत्तर, माझ्या शेजारची जागा. ती जुने जिगसॉ विकायची. तुकडे जोडून चित्र पुरं करायचं, तो खेळ. बाकीचे लोक तसलाच खोका पन्नास पेन्सला देतात, आणि आत हजार तुकडे आहेत की नऊशे ऐंशी, हे नशीब. बेरिल दोन पौंड घ्यायची आणि एक पेनी कमी करायची नाही. कारण तिने तो जिगसॉ आणून, घरी टेबलावर अख्खा लावून, मगच पुन्हा खोक्यात भरलेला असायचा. झाकणावर कागद चिकटवलेला: "लावून पाहिलं. पूर्ण आहे. बे. पि." आणि खाली तारीख.

"अगं, एवढी मेहनत दोन पौंडांसाठी?" मी एकदा विचारलं.

"पैशासाठी कोण करतंय, पोरी?" ती म्हणाली. मी छप्पन्न वर्षांची आहे, पण बेरिलला सगळ्या पोरीच. "माझी आई शेवटची चार वर्षं मला नर्स समजत होती. मी जेवण भरवलं की 'थँक्यू सिस्टर' म्हणायची. जोवर माझे हजार तुकडे जागच्या जागी बसतायत, तोवर माझं डोकं जागेवर आहे. बाकी परीक्षा मला नको."

असं बोलून तिने बेकन पावाचा मोठा घास घेतला.

जूनमधल्या एका रविवारी ग्वेन ब्लँचर्ड नावाची बाई आली. खोका काखेत, नवरा चार पावलं मागे. खोक्यावर बेकरीच्या काचेत झोपलेल्या मांजराचं चित्र होतं.

"पूर्ण म्हणे!" ग्वेनचा आवाज पार चहाच्या गाडीपर्यंत गेला. "मांजराला तोंडच नाही! तीन संध्याकाळी घालवल्या आम्ही. झाकणावर सही ठोकायची आणि लोकांना फसवायचं!"

"मी लावला होता," बेरिल म्हणाली.

"मग तोंड कुठे गेलं? मांजर फिरायला गेलं का?"

आजूबाजूचे दोघेतिघे हसले. बेरिल माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, "लावला होता ना गं मी?" आता मला काय माहीत? मी काय तिच्या घरी बसले होते? पण तिचा चेहरा एकदम पडला होता. मी "लावला होतास, लावला होतास" म्हटलं, ते तिला खरं वाटलं नाही. तिने दोन पौंड परत दिले, खोका ठेवून घेतला. मग एकेका झाकणावरचा कागद नखाने सोलून काढला आणि सगळ्यांवर पन्नास पेन्स लिहून टाकलं.

पुढच्या रविवारी तिची जागा रिकामी. त्याच्या पुढच्याही. फोन केला तर म्हणाली, "गुडघा धरलाय." गुडघा धरलेली बेरिल वॉकर घेऊन बाजारात आलेली मी पाहिली आहे. मला राग आला, तिचा नव्हे, त्या ग्वेनचा. एक तुकडा गेला तर जग बुडतं का?

तिसऱ्या रविवारी ग्वेनचा नवरा एकटाच आला. क्लिफर्ड. उंच, वाकलेला, चेहऱ्यावर कायम माफी मागितल्याचा भाव. माझ्या कुंड्यांभोवती तीन चकरा मारून त्याने एक जिरेनियम उचललं.

"बर्फात टिकतं," मी सवयीने म्हणाले.

"त्या जिगसॉवाल्या बाई येत नाहीत का हो आता? मी तीन रविवार बघतोय."

"येतील कशा? तुमच्या बायकोने चारचौघांत अब्रू काढली त्यांची!"

त्याने कुंडी खाली ठेवली. मग जाकिटाच्या आतल्या खिशातून चष्म्याची डबी काढली, आणि डबीतून एक पुठ्ठ्याचा तुकडा. त्यावर मांजराचे दोन मिटलेले डोळे आणि मिशा.

मला सगळं लख्ख समजलं. जिगसॉवाल्या घरांत ही चोरी चालते. शेवटचा तुकडा बसवायचा मान मिळावा म्हणून कुणीतरी एक तुकडा आधीच लपवून ठेवतं.

"चाळीस वर्षं झाली लग्नाला," क्लिफर्ड म्हणाला. "शेवटचा तुकडा दरवेळी ग्वेनच बसवते. म्हटलं, एकदा तरी आपण. मी चहा करायला आत गेलो, तेवढ्यात हिला मांजराचं तोंड दिसेना. जी भडकली! परत येतो तर जिगसॉ मोडून खोक्यात भरलेला."

"मग तेव्हा बोलायला तोंडात काय बोळा होता?"

"तुम्ही ग्वेनला ओळखत नाही."

"ओळखते की! तीन मिनिटांत ओळखलं!" मी माझी रोपं चहाच्या गाडीवाल्याच्या हवाली केली आणि क्लिफर्डला दंडाला धरून गाडीत बसवलं. तो "मी नंतर येईन", "पत्र लिहीन" असं काहीबाही बोलत होता. मी ऐकून घेतलं नाही.

बेरिलने दार उघडलं तेव्हा स्वयंपाकघरात जागोजागी पिवळ्या चिठ्ठ्या दिसल्या. गॅसवर "बंद केला का?", दारावर "किल्ली", कपाटावर "कप इथे". त्या वाचून मला रडू आलं. अठ्ठावीस वर्षं त्या घरात राहणाऱ्या बाईला कप कुठे असतात हे लिहावं लागत होतं, तेही नुसत्या भीतीपोटी.

टेबलावर मांजराचा जिगसॉ लावलेला होता. मधोमध भोक.

"चार वेळा लावला," ती क्लिफर्डकडे न बघता मला म्हणाली. "चारही वेळा तोच तुकडा नाही. कचऱ्याचा डबा पालथा घातला, गालिचा उचलला. मीच टाकला असणार कुठेतरी, आणि आठवत नाही."

क्लिफर्डने तळहात पुढे केला. त्यावर मांजराचं तोंड. त्याने कसंबसं, अडखळत, सगळं सांगितलं. मला वाटलं, आता बेरिल रडणार. ती रडली नाही. तिने कोपऱ्यातली छत्री उचलली.

"मूर्खा! टोणग्या! डॉक्टरची वेळ घेतली मी! लेकीला लीड्सला फोन करून सांगितलं, माझ्यासाठी वृद्धाश्रम बघ, घर विकून टाकू! तुझ्या एका मानासाठी मी म्हातारीने..." छत्री टेबलाच्या कडेला बसली. चार-पाच तुकडे उडाले. क्लिफर्ड हललासुद्धा नाही. मी मध्ये पडले नाही, त्याला तेवढं हवंच होतं.

मग ती दमून खुर्चीत बसली.

"चाळीस वर्षांत एकदाही नाही?" तिने विचारलं.

"एकदाही नाही."

बेरिलने उडालेले तुकडे वेचून आपापल्या जागी बसवले. मग शेजारची खुर्ची पायाने बाहेर ढकलली.

"बस. आणि लाव मेल्या एकदाचा."

त्याच्या हातून तुकडा दोनदा उलटा पडला. तिसऱ्यांदा बसला. त्याने अंगठ्याने दाबला आणि दाबूनच राहिला. बेरिल बघत होती ती मात्र त्याच्याकडे नव्हे. ती कडेपासून कडेपर्यंत, एकेक ओळ, अख्खं चित्र तपासत होती. हजारच्या हजार.

मग तिने लेकीला फोन लावला.

"पॉलीन? ते वृद्धाश्रमाचं राहू दे. आणि घर बघायला कुणी येणार असेल, तर त्याला सांग, बाई जागेवर आहेत... हो, डॉक्टरकडे जाईन, वेळ घेतलीच आहे तर... नाही गं, ठणठणीत आहे. सगळं आठवतंय मला. तुझा वाढदिवस आठवतोय, आणि माझ्या वाढदिवसाला तू फोन केला नव्हतास, तेही आठवतंय."