ओल्या फडक्यातलं बी

त्या जानेवारीत आम्ही दोघं दोन मोटारसायकलींवर चंद्रपूरहून हेमलकशाला निघालो होतो. सोबतचा माणूस माझा जुना सहकारी. एका वर्तमानपत्रात आम्ही बरीच वर्षं शेजारच्या टेबलांवर बसलो. पुढे तो जाहिरात विभागात गेला, मी बातम्यांतच राहिलो. वर्षातून एकदा असं फिरायला निघायचं, एवढा संबंध उरला होता.

आष्टीच्या पुलाअलीकडे वैनगंगेत उतरायचा आग्रह त्याचा. आदल्या वर्षी तो परदेशी जाऊन आला होता. तिथे भूमध्य समुद्राकाठच्या एका गावात तो भाड्याच्या मोटारसायकलवर दुपारभर थांबला होता. पांढरी घरं, निळं पाणी, पुढे गाडी, गाडीला टेकून तो. हा फोटो त्याने मला गोंडपिपरीत चहा पितानाही दाखवला. तसाच फोटो त्याला इथे हवा होता.

"नदी इथे समुद्रासारखी दिसते," तो म्हणाला. "दहा मिनिटं."

नदीकडे उतरणाऱ्या कच्च्या वाटेवर आधी कचरा लागला. कोंबडीची पिसं आणि आतडी, फुटलेल्या बाटल्या, लग्नातल्या थर्माकोलच्या पत्रावळी, बाळांचे वापरलेले डायपर. एक कुत्रं त्यातलाच एक ओढत होतं. गटाराचं काळं पाणी या सगळ्याखालून वाट काढत पात्रात जात होतं. सहकाऱ्याने नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, "फोटोत हे येणार नाही."

कचरा संपला की रेती सुरू होत होती. रेती स्वच्छ होती. पाण्याच्या बाजूला लांब सरळ नाल्या खोदलेल्या होत्या, प्रत्येक नालीच्या तळाशी काळं शेणखत. ही डांगरवाडी; डांगर म्हणजे इकडचं खरबूज. नदीचं पाणी उतरलं की काठची ढिवर, म्हणजे मासेमार, कुटुंबं पात्रात डांगर, टरबूज, काकडी लावतात. नाली ओल लागेपर्यंत खोदायची, खत भरायचं आणि मोड आलेलं बी लावायचं. नदी रोज उतरते, तिच्यामागे रेतीतली ओलही खाली जाते. म्हणून खत भरल्यावर बी थांबवता येत नाही. मला हे ठाऊक होतं, कारण यावर मी कधीकाळी बातमी केली होती. त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

नाल्यांच्या टोकाला पळसाच्या फांद्यांचा लहान मांडव होता. माणूस कोणी नव्हतं. आम्ही गाड्या मांडवाजवळ लावल्या. मी पाण्याकडे गेलो, तोंड धुतलं, थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. परत आलो तेव्हा तो पेट्रोलच्या टाकीवरची धूळ पुसत होता. हातात ओलं फडकं होतं, जुन्या लुगड्याचं. टाकी चमकत होती. चेनवरच्या तेलाचा काळा पट्टा फडक्याला लागला होता.

"हे कुठून आणलंस?"

"मांडवात टांगलेलं होतं. गाठोडं होतं. आत काहीतरी नासलेलं. शेणाचा वास. झटकून टाकलं."

त्याने झटकलेलं रेतीवर पडलं होतं. डांगराचं बी होतं. प्रत्येक बियाला पांढरा, नखाएवढा मोड. दुपारच्या उन्हात कोरड्या रेतीने मोडांना वेढलं होतं, काही आताच पिवळे पडत होते. मी त्याला हे काय आहे ते सांगितलं.

"मग असं उघड्यावर कोण ठेवतं?" तो म्हणाला.

याचं उत्तर होतं, पण ते त्याला पटलं नसतं. या दिवसांत नदीवरच्या प्रत्येक मांडवात शेणखतात मोड यायला बांधलेल्या बियांची अशी पोटली लटकते. शेळ्या राखणारे, मासे धरणारे, पलीकडच्या गावचे, सगळे येतात-जातात. दुसऱ्याच्या पोटलीला कोणी हात लावत नाही. तिच्यावर झाकण नसतं, राखण नसते, कारण कधी लागलीच नाही.

काठावरून नवरा-बायको खताच्या टोपल्या डोक्यावर घेऊन उतरत होते. बाई पुढे होती. तिने आधी मांडव पाहिला, मग फडकं, मग रेती. टोपली खाली ठेवली नाही, टाकली.

"अवं माय! कोनं सोडली जी पोटली?"

मी सांगितलं.

"सारंच होतं वो ते," ती नवऱ्याला म्हणाली. "मांगच्या सालचं एवढंच राखलं होतं."

ती गुडघ्यांवर बसली आणि वेचू लागली. मी वाकलो तर नवऱ्याने हात आडवा केला. "नोका भाऊ. तुमच्या हाताले गाडीचं तेल असन. मोड जरून जाईन." मी मागे सरलो. तो म्हणाला ते खरं होतं, माझ्या बोटांचं तेल नदीच्या पाण्याने गेलं नव्हतं.

वेचलेलं ठेवायचं कशात, हा प्रश्न होता. फडक्याला पेट्रोल आणि काळं तेल. पदर कोरडा, तो भिजवून आणेपर्यंत मोड वाळले असते. टोपल्यांत गरम, कच्चं खत. बाईने मूठभर बी तळहातावर घेऊन फुंकरीने रेती उडवली आणि तोंडात टाकलं. मग दुसरी मूठ. दोन्ही गाल फुगले. ओठ मिटून ती वेचत राहिली.

"शी!" माझा सहकारी म्हणाला. त्याने खरंच तोंड फिरवलं. "शेणातलं तोंडात घालतेय ती."

वाटेवरचा कचरा, आतडी, ओढलेला डायपर यांनी आली नव्हती ती किळस मला या एका शब्दाने आली. चमकणारी टाकी, त्याचा इस्त्रीचा शर्ट, गळ्यातला काळा चष्मा, आणि त्याच्याबरोबर याच वाटेने खाली उतरलेला मी. यातल्या कशाकडेही पाहावंसं वाटेना.

काही वेळाने तो बाईजवळ गेला. "सॉरी, ताई. मला कळलं नाही. काय नुकसान झालं ते सांगा, देऊन टाकतो."

ती वेचत राहिली.

"बोला ना. रागावलात का?"

"ते नाई बोलत भाऊ," नवरा म्हणाला. "तिच्या तोंडात वाडी हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे तुमी बाजूले व्हा. बी नोका तुडवू, हात नोका लावू, कायबी नोका करू."

तो गाडीवर जाऊन बसला. थोड्या वेळाने त्याने मला हॉर्न दिला. मी हलत नाही असं पाहून एकटाच निघाला. नाल्यांच्या मधून गेला नाही, एवढं त्याच्या बाजूने नोंदवतो. हेमलकशाला तो पोचला, असं पुढे कळलं. त्यानंतर आम्ही सोबत निघालेलो नाही.

बाई पाण्यालगतच्या नालीपाशी गेली. नवरा बोटाने खतात भोक पाडायचा, ती जिभेने एक बी पुढे सरकवून बोटांवर घ्यायची, मोड खाली करून ठेवायची, ओली रेती लोटायची. पुढचं भोक. तिचे डोळे पाणावले होते. रागाने की श्वास कोंडून, सांगता येत नाही. मोड तुटलेलं बी लागलं की ती ते बाजूला थुंकायची. असं बी बरंच पडलं.

तिसऱ्या नालीच्या मध्यावर तोंड रिकामं झालं. ती नदीवर गेली, चूळ भरली, पुन्हा भरली. परत येऊन ओल्या ओठांवरून हात फिरवला.

"एखांदं पोटात गेलं असन," ती म्हणाली.

"मंग उनाऱ्यात तुलेच तोडतो," नवरा म्हणाला.

ती हसली नाही. "दुसरं बी कोनाकडं असन?"

"कोनाकडं नाई. ज्याचं त्यानं लावलं."

"बजारातलं?"

"ते रेतीत टिकते काय? मागं पाह्यलं नाई तू?"

तिने काठाकडच्या नाल्यांकडे पाहिलं. खत भरून तयार होतं, त्यावर ऊन पडलं होतं. नवऱ्याने फावडं घेतलं आणि बी नसलेल्या त्या नाल्यांवर रेती ओढायला सुरुवात केली. निदान खत वाळू नये म्हणून. ती दुसऱ्या टोकाकडून हातांनी ओढू लागली.