वंदनाताईंची गठाण

दिवाळी पाडवा, सकाळी दहा. आकडा छप्पन्न जीबी. हजर तिघे: मलकापुरातल्या आमच्या रक्त तपासणीच्या लॅबचे मालक डॉक्टरसाहेब, हिशेब पाहणारा मी, आणि कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या वंदनाताई.

रोज लॅब बंद करताना सगळ्या रिपोर्टांची एक प्रत इंटरनेटवरून बाहेरगावच्या साठ्यात पाठवायची, हा आमचा बॅकअप. ती प्रत आता छप्पन्न जीबीची झाली होती. सकाळी शटर उघडेपर्यंतही ती पूर्ण जात नव्हती. दसऱ्यापासून एकही धड पोचली नव्हती, आणि कॉम्प्युटर मधूनच बंद पडू लागला होता.

"पाच वर्षांपूर्वीचे रिपोर्ट काढून टाका," डॉक्टर म्हणाले. "कोण विचारतं?"

"पंजाबरावकाका इचारते," वंदनाताई म्हणाल्या.

काका धामणगाव बढे गावचे, आमचे जुने पेशंट. त्यांच्या किडनीचा आकडा वर्षागणिक कसा चढला, ते जुन्या रिपोर्टांवरूनच कळायचं. कागद सांभाळणं त्यांना जमत नसे. "माही फाइल तुमच्याजवळच राहू दे बाई," म्हणायचे.

"पेशंट नाही काढाचा, सर. आधी पाहू, प्रत काऊन फुगली."

"पाहा. पण शनिवारपर्यंत. नाहीतर जुने रिपोर्ट जातील."

वंदनाताई जिभेच्या तिखट. वडील जिनिंगमध्ये गठाणी बांधत, म्हणून उपमा बहुतेक कापसाच्या. 'बॅकअप यशस्वी' या अक्षरांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "स्क्रीन म्हंजे नवरीचा मामा हाये, भाऊ. सगळं चांगलंच सांगते." पोचलेली प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवायची, एखादा रिपोर्ट उघडून वाचायचा, मगच ती खरी. "उघडून पाह्यलं नाही तं निस्तं समाधान हाये थे."

दुसऱ्या दिवशी दुखणं सापडलं. डॉक्टरांचं घराणं कापूस-रुईच्या व्यापारातलं. लक्ष्मीपूजनाला नवी वही हवीच. कॉम्प्युटर आला तरी नियम तोच राहिला, फक्त वही कॉम्प्युटरमधली झाली. कोरी वही कामाची नाही, म्हणून आधीचे ऑपरेटर दर दिवाळीला सगळे जुने रिपोर्ट नव्या नावाच्या वहीत उतरवत. जुनी वही पूजलेली, म्हणून ती पुसायला कोणी धजत नसे.

"सर, धामणगावात पंजाबरावकाका एक हायेत. आपल्याकडं नऊ!"

डॉक्टर हसले, पण अडले. "पूजलेल्या वह्या पुसायच्या?"

"नक्कल पुसाची. लक्ष्मीले नक्कल चालते काय?"

पुसण्याआधी त्यांनी सगळं जसंच्या तसं एका डिस्कवर उतरवलं. मग आम्ही दोघांनी वही वहीशी ताडून पाहिली. काही रिपोर्ट चुकून जुन्याच वहीत चढलेले निघाले. ते आधी नव्या वहीत आणले, मग जुन्या वह्या काढल्या.

शुक्रवारी संध्याकाळी आकडा पाहिला. छप्पन्न! मी तो पुन्हा काढायला लावला.

"घाबरता काऊन, भाऊ? पोतं खाली झालं, पण पोतं तं तेवढंच हाये ना!" वह्या पुसल्या तरी त्यांची जागा फाइलमध्ये रिकामी पडून राहते, आणि प्रत काढताना ती रिकामी जागाही सोबत जाते, असं त्यांनी समजावलं. "सैल कापसानं ट्रक भरते. गठाण बांधली तं कोपऱ्यात मावते."

शनिवारी दुपारभर त्यांनी उरलेले रिपोर्ट नव्या फाइलमध्ये लागोलाग भरले आणि प्रत दाबून बांधली. आकडा झाला पाच. रात्री डॉक्टर घरी निघायच्या आत प्रत पोचलीसुद्धा. ताईंनी ती लगेच परत मागवून शेजारच्या कॉम्प्युटरवर उघडली. काकांचा सगळ्यात पहिला रिपोर्ट समोर आला.

"हाव. आता म्हणा बॅकअप."

डॉक्टरांनी तो रिपोर्ट वाचला, चष्मा पुसला आणि जुने रिपोर्ट काढायचा विषय पुन्हा काढला नाही.

उन्हाळ्यात कॉम्प्युटर खरंच गेला. नव्या यंत्रावर प्रत उतरली आणि दुपारी रिपोर्ट वाटणं सुरू झालं. त्या दिवशी आलेल्या काकांना तर काही झाल्याचं कळलंही नाही.

यंदा ताईंना बुलढाण्यात मोठी नोकरी लागली. त्या निघाल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, महिन्यातून एकदा येऊन प्रत उघडून बघत जा. मला वाटलं, ओळखीखातर येतील.

"पावती फाडा, भाऊ," त्या म्हणाल्या. "फुकट पाह्यणारं नीट पाह्यत नाही."

प्रत फुगत चालली तेव्हा जादा साठा भाड्याने घेण्यासाठी मी बाजूला ठेवलेले अठरा हजार तसेच पडून होते. ते वर्षभराचे म्हणून वंदनाताईंना दिले. पावतीवर सही त्यांची आहे.